नागरी सेवांची नित्य तपासणी : कार्यालयाच्या स्वतःच्या सर्व्हरवर चाचणी-फलक

ठाणे शहरातील वर्तकनगर ही म्हाडाच्या इमारती, पोलीस वसाहत आणि साईबाबांचे मंदिर यांमुळे परिचित असलेली वस्ती होय. ठाणे महानगरपालिकेच्या एका प्रभाग समितीलाही हेच नाव आहे. येथे राहणारा नागरिक आपला पत्ता लिहिताना कधी ‘वर्तकनगर’ असे सलग लिहितो, कधी ‘वर्तक नगर’ असे तोडून लिहितो, तर कधी ‘ठाणे ४००६०६’ एवढ्यावरच भागवतो. पोस्टमनला यात काडीची अडचण येत नाही. संगणकाच्या लेखी मात्र ही तीन वेगळी ठिकाणे ठरू शकतात. एका नोंदीत सलग आणि दुसऱ्या नोंदीत तोडून लिहिलेला पत्ता जुळत नाही, म्हणून अर्ज ‘त्रुटीसह परत’ होतो. अर्जदार पुन्हा रांगेत उभा राहतो आणि खिडकीवरील लिपिकास आपले काय चुकले हे उमगत नाही. वास्तविक चूक दोघांचीही नसते. दोन्ही लेखनपद्धती एकच मानाव्यात, ही सूचना संगणकाला कोणी दिलेली नसते आणि ती दिली आहे की नाही हे कोणी तपासलेले नसते.

जन्म-मृत्यूच्या दाखल्यापासून मालमत्ता कराच्या पावतीपर्यंत अनेक सेवा आता संगणकाद्वारे दिल्या जातात. ठाणे जिल्ह्याला ही वाट नवी नाही. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या प्रारंभी नागरी सुविधा केंद्रांतून संगणकीकृत सेवा देण्याचा जो उपक्रम हाती घेतला, तो पुढे राज्यातील इतर नागरी स्थानिक संस्थांसाठी नमुना म्हणून स्वीकारण्यात आला. एक चांगली प्रणाली अनेक शहरांना लाभते, हा अशा अनुकरणाचा मोठा फायदा. तथापि त्याच न्यायाने त्या प्रणालीत राहिलेला एखादा बारीक दोषही अनेक शहरांत पोहोचतो. म्हणूनच प्रणाली एकदा तपासून घेतली व ठेकेदाराचे देयक मंजूर केले, एवढ्याने कार्यालयाची जबाबदारी संपत नाही. प्रणालीत सतत फेरफार होत असतात. नवा शासन निर्णय येतो, शुल्क बदलते, तालुक्याची यादी बदलते. एका ठिकाणी केलेल्या दुरुस्तीने दुसरीकडचे चालू काम बंद पडणे, हा संगणक-क्षेत्रातील रोजचा अनुभव आहे. यावरील उपाय म्हणजे रोजची, न चुकणारी, यांत्रिक तपासणी आणि तिचा निकाल सर्व संबंधितांना दिसेल असा फलक. असा फलक आपल्याच कार्यालयात, आपल्याच सर्व्हरवर कसा उभारावा याची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोषांची वही कोणाजवळ असावी?

प्रथम एक परदेशी उदाहरण पाहू. ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणकप्रणाली आपल्या शाखांत बसविली. या प्रणालीच्या हिशेबात तूट दिसू लागली, की ती रक्कम शाखा चालविणाऱ्या उप-पोस्टमास्तरने भरावी असा आग्रह धरला जाई. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण अफरातफर, चोरी, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरविले गेले. कित्येकांनी घर गहाण टाकले, काही तुरुंगात गेले. पुढे २०१९ च्या डिसेंबरमध्ये तेथील उच्च न्यायालयाने या प्रणालीत दोष होते असा निर्णय दिला आणि २०२४ च्या मे महिन्यात ब्रिटिश संसदेने कायदा करून या शिक्षा रद्द ठरविल्या.

या प्रकरणातील एक बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. प्रणालीतील ज्ञात दोषांची एक नोंदवही होती. परंतु ती प्रणाली पुरविणाऱ्या कंपनीकडे होती. ज्याच्या गल्ल्यात तूट दिसत होती, त्या उप-पोस्टमास्तरला ती पाहावयास मिळत नव्हती. आपला तलाठी, ग्रामपंचायतीचा कर्मचारी किंवा प्रभाग कार्यालयातील लिपिक याच्या जागी त्या उप-पोस्टमास्तरास ठेवून पाहिले, म्हणजे चाचणीचे निकाल पुरवठादाराच्या संगणकावर असावेत की आपल्या, या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक कायदेशीर बाजू आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक आहे. पुरेशा कारणाशिवाय कसूर झाल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. मुदतीचे दिवस मोजतो तो संगणक. ते त्याने नीट मोजले नाहीत तर भुर्दंड मात्र माणसाला.

चाचणी म्हणजे नेमके काय?

शाळेतील परीक्षेत प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर आणि शिक्षकाजवळचे आदर्श उत्तर अशा तीन गोष्टी असतात. संगणकीय चाचणीतही याच तीन गोष्टी असतात, फरक इतकाच की परीक्षकही संगणकच असतो. एक लहानशी आज्ञावली नागरिकाप्रमाणे अर्जाचे पान उघडते, नाव-पत्ता भरते, कळ दाबते आणि समोर आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते. जुळले तर उत्तीर्ण, न जुळले तर अनुत्तीर्ण. अशा शे-दोनशे चाचण्या रात्री, कामकाज बंद असताना, क्रमाने चालवावयाच्या आणि सकाळी निकाल फलकावर लावावयाचा, ही झाली मूळ कल्पना.

न्याहाळकाला, म्हणजे ब्राउझरला, माणसाप्रमाणे चालविणारे ‘सेलेनियम’ हे मुक्त साधन २००४ साली शिकागो येथे जेसन हगिन्स यांनी सुरू केले. त्या वेळी या क्षेत्रात ‘मर्क्युरी’ नावाची कंपनी प्रबळ होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा मानला जातो, असा या नावामागचा विनोद सांगतात. निकाल गोळा करून दाखविण्यासाठी ‘जेनकिन्स’ हे साधन बरेच प्रचलित आहे. कोहसुके कावागुची या जपानी तंत्रज्ञाने ते ‘हडसन’ या नावाने निर्माण केले. २०११ मध्ये त्यास आजचे नाव मिळाले. गंमत अशी की जेनकिन्सच्या पूर्वीच्या आवृत्त्यांत उत्तीर्ण चाचणीपुढे हिरव्याऐवजी निळा गोल दिसे, कारण जपानमध्ये रस्त्यावरील हिरव्या दिव्यास ‘निळा’ म्हणण्याचा प्रघात आहे.

कोणत्या चाचण्या घ्याव्यात?

यंत्र बसविणे हे दोन दिवसांचे काम आहे. खरी बुद्धी लागते ती प्रश्नपत्रिका काढताना, आणि तेथे तंत्रज्ञापेक्षा खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याचा, शिक्षकाचा व पंचायत सदस्याचा अनुभव अधिक उपयोगी पडतो. काही नमुने पुढे देत आहोत.

मराठी लेखनाचेच घ्या. ‘कऱ्हाडकर’ या आडनावातील ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे साठविता येते. एका प्रकारात नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरला जातो, तर दुसऱ्यात साध्या ‘र’ नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. परंतु शोध घेताना पहिल्या पद्धतीने लिहिलेले नाव दुसऱ्या पद्धतीच्या नोंदीत सापडत नाही आणि ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा पडतो. एका पद्धतीने नोंदविलेले नाव दुसऱ्या पद्धतीने शोधले असता मिळालेच पाहिजे, ही चाचणी मराठीतून चालणाऱ्या प्रत्येक प्रणालीस द्यावी. तीच गोष्ट अंकांची. कोणी ‘४००६०६’ देवनागरीत भरील, कोणी इंग्रजी अंकांत. दोन्ही स्वीकारले गेले पाहिजेत. वर्णक्रमाचेही असेच आहे. आपल्या वर्णमालेत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी येतात, पण मराठीचा क्रम न शिकविलेला संगणक क्षीरसागरांना ‘क’ च्या घरात आणि ज्ञानेश्वरांना ‘ज’ च्या घरात नेऊन बसवितो. यादीत आपले नाव नाही असे समजून एखादा पालक घरी परत जातो, ते अशाने.

दुसरा वर्ग भूगोलाचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, उल्हासनगर व अंबरनाथ हे ७ तालुके राहिले. तेव्हा ‘ठाणे’ निवडल्यावर नेमके हे ७ तालुके दिसतात ना, जव्हार किंवा मोखाडा त्यात चुकून रेंगाळलेला नाही ना, हे रोज पाहण्यास संगणकाला क्षणभरही लागत नाही. जिल्ह्यांच्या बदललेल्या नावांचेही तसेच. जुन्या नावाने काढलेला दाखला छत्रपती संभाजीनगर, धाराशिव वा अहिल्यानगरच्या नागरिकास सादर करता आला पाहिजे. नव्या नावाशी तो जुळत नाही म्हणून परत जाता कामा नये.

शहापूर-मुरबाडकडील पाड्यांवर घराला क्रमांक नसतो आणि रस्त्याला नाव नसते. अर्जात मात्र ‘घर क्रमांक’ हा रकाना सक्तीचा. परिणामी कोणी शून्य भरतो, कोणी टिंब देतो, आणि अशा शेकडो शून्यांची पुढे एकच गल्ली होऊन बसते. वयोवृद्ध व्यक्तीस जन्माचे केवळ साल ठाऊक असणे, आडनाव नसणे, विवाहानंतर नाव न बदललेली स्त्री, वडिलांच्या नावाऐवजी आईचे नाव लावणारे अपत्य या गोष्टी आपल्या समाजात अपवादात्मक नाहीत. प्रणाली त्यांना अपवाद मानते की नाही, हे चाचणीनेच कळते. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील अशी २० उदाहरणे एका कागदावर लिहून दिली तरी तंत्रज्ञाच्या महिनाभराच्या कल्पनाशक्तीपेक्षा ती मोलाची ठरतील.

गणिताच्या शिक्षकांना आवडेल असे एक उदाहरण आधार क्रमांकाचे. या १२ अंकी क्रमांकातील शेवटचा अंक हा आधीच्या ११ अंकांवरून काढलेला पडताळा-अंक असतो. तो काढण्याची रीत फेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ही रीत ते निश्चितपणे पकडते. म्हणून चाचणीत मुद्दाम एक अंक चुकविलेला क्रमांक द्यावा आणि प्रणाली तो नाकारते की नाही ते पाहावे. उलट, नियमात बसणारा कोणताही मनचा क्रमांक चाचणीसाठी रचू नये, कारण तो कोणा प्रत्यक्ष व्यक्तीचा असण्याची शक्यता असते.

सर्व्हरची उभारणी

आता यंत्राकडे वळू. प्रारंभासाठी ४ गाभ्यांचा प्रक्रियक, ८ गिगाबाइट स्मृती व ५०० गिगाबाइटची तबकडी असलेला साधा संगणक पुरतो. कार्यालयात वापरातून काढलेला पण सुस्थितीतील संगणकही चालेल. मात्र त्यास यूपीएस अवश्य जोडावा.

त्यावर लिनक्स ही कार्यकारी प्रणाली बसवावी. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तिचा आरंभ केला आणि जगभरच्या तंत्रज्ञांनी ती वाढविली. तिला परवाना-शुल्क नाही व तिचा मूळ मजकूर सर्वांना पाहता येतो. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त-स्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराबाबत धोरण जाहीर केले असून अशा आज्ञावलींना प्राधान्य द्यावे असे त्यात म्हटले आहे. केरळमधील शासकीय शाळांत तर विद्यार्थी कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. तरीही ‘फुकट’ या शब्दाने हुरळून जाण्याचे कारण नाही. परवान्याचा खर्च वाचतो. देखभालीच्या माणसाचा वाचत नाही.

लिनक्सचे अनेक संच मिळतात. निवडताना त्यास सुरक्षाविषयक दुरुस्त्या किती वर्षे मिळणार हे पाहावे. ‘सेंटओएस ८’ हा संच दीर्घकाळ चालेल या अपेक्षेने अनेकांनी स्वीकारला होता. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याची मुदत अलीकडे आणल्याचे घोषित झाले आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी तो संपलाही. डेबियनची स्थिर आवृत्ती किंवा उबुंटूची दीर्घ-मुदतीची आवृत्ती घेतल्यास साधारणतः ५ वर्षांची निश्चिती मिळते. सर्व्हरला चित्रमय पडद्याची गरज नसते, म्हणून संच किमान स्वरूपातच बसवावा. जे बसविलेले नाही ते बिघडत नाही आणि त्यातून चोरही शिरत नाही.

यानंतर चार गोष्टी आवर्जून कराव्या लागतात. पैकी दोन सर्वत्र सारख्याच आहेत. सर्वाधिकारी ‘रूट’ खात्याने रोजचे काम करू नये, आणि दूरस्थ प्रवेश परवलीच्या शब्दाऐवजी सांकेतिक किल्लीने द्यावा. उरलेल्या दोन आपल्या देशाच्या व भाषेच्या आहेत. त्या बऱ्याचदा राहून जातात.

पहिली घड्याळाची. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे ‘रात्री २ वाजता चाचणी सुरू करा’ असे सांगितले तर ती आपल्या सकाळी साडेसात वाजता सुरू होते आणि खिडक्या उघडण्याच्या वेळेपर्यंत लांबते. ही झाली गैरसोय. परंतु हाच घोळ मूळ सेवा-प्रणालीत असेल तर तो अन्यायाचा विषय होतो. समजा, एका नागरिकाने ५ तारखेस पहाटे ३ वाजता घरून अर्ज भरला. जागतिक वेळेनुसार तेव्हा ४ तारखेचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. प्रणालीने तीच तारीख धरली तर अधिकाऱ्याच्या मुदतीतील एक दिवस कोणाच्या ध्यानीमनी नसताना कमी झाला. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत भरलेल्या अर्जाची तारीख बरोबर पडते का, ही चाचणी म्हणूनच प्रत्येक कार्यालयाने घ्यावी. चाचणी-सर्व्हरचे घड्याळ भारतीय वेळेवर ठेवून ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र अथवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या काल-सर्व्हरशी जुळवून घ्यावे. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निदेशांत ही अपेक्षा नमूद आहे.

दुसरी गोष्ट अक्षरांची. किमान स्वरूपात बसविलेल्या लिनक्सवर देवनागरी टंक असतोच असे नाही. मग चाचणीने पानाचे छायाचित्र घेतले की मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटींची माळ उमटते, आणि प्रणाली निर्दोष असूनही ती नापास झाल्यासारखी वाटते. ‘लोहित’ अथवा ‘नोटो’ हे मुक्त देवनागरी टंक बसविले की ही अडचण दूर होते. हीच दक्षता दाखले छापणाऱ्या सर्व्हरवरही घ्यावयास हवी, हे वेगळे सांगावयास नको.

आता जेनकिन्स. त्यासाठी आधी जावा ही प्रणाली बसवावी लागते. जेनकिन्सचीही दीर्घ-मुदतीची आवृत्ती असते, तीच घ्यावी. पहिल्या वेळी ते एक प्रारंभिक परवलीचा शब्द सर्व्हरवरील एका धारिकेत लिहून ठेवते. तो वापरून प्रवेश करावा व लगेच प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्र खाते उघडावे. सर्वांनी मिळून एकच खाते वापरण्याची आपल्याकडील सवय येथे तरी नको. जेनकिन्स मूलतः ८०८० या द्वारावर ऐकते. ते द्वार थेट उघडे न ठेवता पुढे ‘एनजिनएक्स’ हा द्वारपाल बसवावा, दळणवळण कूटबद्ध करावे आणि अग्निभिंतीने बाकीची द्वारे मिटावीत. फलक कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यातच दिसावा, बाहेर महाजालावर नव्हे. कारण कोठे काय बिघडले आहे याची यादी ही चोराच्या दृष्टीने घराचा नकाशाच असते. चाचण्यांनी आपले निकाल ‘जेयुनिट’ या सर्वमान्य नमुन्यात लिहिले की जेनकिन्स ते वाचून रोजचा आलेख स्वतः काढते. पुढेमागे जेनकिन्सऐवजी दुसरे साधन घ्यावेसे वाटले, तरी हा नमुना बहुतेक साधनांना समजत असल्याने जुन्या चाचण्या वाया जात नाहीत.

चाचण्या चालवावयाच्या त्या सेवेच्या सराव-प्रतीवर, प्रत्यक्ष चालू सेवेवर नव्हे. अन्यथा रोज रात्री दोनशे काल्पनिक बालकांचे जन्म नोंदले जातील. सराव-प्रतीतील माहितीही काल्पनिकच असावी. ‘खरी माहिती घेतली की चाचणी खरी होते’ असे सांगून नागरिकांच्या नोंदींची नक्कल मागणारे भेटतात. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नंतर तर असा नकार हे कर्तव्यच ठरते.

फलक वाचावा कसा?

फलकावर हिरवा रंग दिसला की समाधान मानून पुढे जाणे सोपे असते. परंतु हिरव्या फलकाची तीन कारणे असू शकतात. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या, हे पहिले. चाचण्या चाललेल्याच नाहीत आणि जुना निकाल तसाच लटकत आहे, हे दुसरे. अनुत्तीर्ण होणाऱ्या चाचण्या कोणी तरी काढून टाकल्या, हे तिसरे. तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलांना गैरहजर ठेवले तर वर्गाची सरासरी वाढते, हे शिक्षकांना आम्ही काय सांगावे! म्हणून फलकावर उत्तीर्णांच्या टक्केवारीपेक्षा तीन आकडे ठळक असावेत : शेवटची फेरी केव्हा झाली, एकूण चाचण्या किती आणि त्यांतील वगळलेल्या किती. काल २१२ होत्या व आज १९८ आहेत, तर त्या १४ कोणाच्या सांगण्यावरून गेल्या याचा खुलासा मागावा. महिन्यातून एकदा एक चाचणी मुद्दाम अनुत्तीर्ण होईल अशी ठेवून लाल दिवा लागतो का, संबंधितास संदेश जातो का हेही पाहावे.

चाचणी एक दिवस उत्तीर्ण, एक दिवस अनुत्तीर्ण असे लहरीपणे वागू लागली तर तिला ‘अशी ती होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. अशा दोन-चार लहरी चाचण्या फलकावर राहिल्या, की कर्मचारी लाल रंगाकडेच दुर्लक्ष करू लागतात. आठवड्यात कारण सापडले नाही तर ती चाचणी नोंद करून बाजूला काढावी व नव्याने लिहावी. रंगांच्या बरोबरीने ‘उत्तीर्ण’, ‘अनुत्तीर्ण’ हे शब्दही फलकावर असावेत. लाल-हिरवा भेद न दिसणारे सहकारी आपल्यात असतात.

केवळ अशा चाचण्यांनी सर्व काही कळते असे मात्र नाही. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेत आरोग्य विम्यासाठी शासकीय संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी अवघ्या ६ जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. सुट्या भागांची तपासणी झाली होती, पण आरंभापासून शेवटपर्यंतच्या संपूर्ण प्रवासाची आणि एकाच वेळी येणाऱ्या गर्दीची पुरेशी झाली नव्हती. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस किंवा निकालाची दुपार ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. गर्दीची चाचणी हा स्वतंत्र विषय आहे. सुरक्षेची तपासणी तर सर्ट-इनच्या सूचीतील लेखापरीक्षकांकडूनच करून घ्यावयाची असते. हा फलक तिचा पर्याय नव्हे.

जतन आणि कार्यभार

अशा सर्व्हरला सर्वांत आधी ग्रासणारा रोग म्हणजे तबकडी भरणे. २०० चाचण्यांची प्रत्येकी ३०० किलोबाइटची छायाचित्रे घेतली तर रात्रीला ६० मेगाबाइट, म्हणजे वर्षाला सुमारे २२ गिगाबाइट जागा जाते. तबकडी भरली की जेनकिन्स थांबते आणि वर सांगितलेला जुना हिरवा फलक लटकत राहतो. म्हणून छायाचित्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जावीत. सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदी मात्र सर्ट-इनच्या उपरोक्त निदेशांनुसार १८० दिवस जपाव्यात. निकाल व चाचण्यांचा मजकूर यांची प्रत दर आठवड्यास दुसऱ्या इमारतीतील संगणकावर जावी. सहा महिन्यांतून एकदा ती प्रत कोऱ्या संगणकावर उतरवून फलक पुन्हा उभा राहतो की नाही हे प्रत्यक्ष पाहावे, कारण न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही.

ठेकेदाराशी करार करताना चाचण्यांचा मूळ मजकूर कार्यालयाच्या मालकीचा राहील आणि तो सर्वांना वाचता येईल अशा स्वरूपात सुपूर्द केला जाईल, ही अट घालणे इष्ट. देयकाच्या टप्प्यांशी चाचणीचे निकाल जोडताना ते निकाल कार्यालयाच्याच सर्व्हरवर लागलेले असावेत.

राहिला प्रश्न माणसांचा. ज्यांना लिनक्स शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे ध्वनिचित्रपाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. रोज अर्धा तास याप्रमाणे दोन-तीन महिने दिले तर कार्यालयातील एखादा उत्साही कर्मचारी हा सर्व्हर सांभाळण्याइतका तयार होतो, असे आमचे मत आहे. पण एकच तयार करून चालणार नाही, कारण बदली कोणाला चुकली आहे? दोघांना तरी हे काम यावे. त्याचबरोबर एक साधी कागदी नोंदवही ठेवावी. सर्व्हर कोणत्या खोलीत आहे, कोणती आवृत्ती बसविली आहे, तिची मुदत केव्हा संपते, प्रती कोठे ठेवल्या जातात आणि सांकेतिक किल्ल्या कोणाकडे आहेत, हे तीत असावे. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत कपाटाच्या चाव्या व जडवस्तू नोंदवहीबरोबर ही नोंदवही स्वतंत्र अनुक्रमांकाने नमूद करावी, आणि नव्या अधिकाऱ्याने तीवर स्वाक्षरी करण्यापूर्वी एकदा फलक उघडून शेवटच्या फेरीची तारीख पाहून घ्यावी.